एंजल माशांची पिल्लं : आठव्या दिवसाची तयारी पहिल्या दिवशी



घरी किंवा शाळेत माशांची काचेची टाकी असेल, तर त्यात एंजल मासे बहुतेक असतातच. त्रिकोणी अंग, वर-खाली लांब पर आणि संथ चाल. मुलांना ते लगेच आवडतात. पण त्यांची अंडी आणि पिल्लं पाहणं हा वेगळाच अनुभव आहे. विज्ञानाच्या पुस्तकात प्रजनन, पालकसंगोपन, अन्नसाखळी, आनुवंशिकता हे सगळं वेगवेगळ्या पाठांत येतं. इथे ते एकाच टाकीत, दोन महिन्यांत डोळ्यांसमोर घडतं.

सुरुवातीलाच माझी चूक सांगते, कारण हा लेख त्या चुकीतूनच आला आहे. आमच्या घरच्या जोडीने पहिल्यांदा अंडी टिकवली तेव्हा घरात नुसता आनंद होता. अंडी फुटली, पिल्लं वळवळू लागली, आठव्या दिवशी पोहू लागली. मग मी दुकानात जाऊन पिल्लांचं खाणं मागितलं. मिळाली ती पावडर. पिल्लांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती तळाशी साचली आणि पाणी बिघडलं. अकराव्या दिवशी एकही पिल्लू उरलं नव्हतं. मुलाने विचारलं, "आई, ती आजारी होती का?" खरं उत्तर होतं, "नाही रे, उपाशी होती."

त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. अंडी मिळवणं फारसं अवघड नाही, जोडी ते काम स्वतः करते. अवघड आहे ते पोहायला लागलेल्या पिल्लाला पहिला घास देणं. ती तयारी अंडी दिसल्यावर नाही, त्याच्या आधी व्हायला हवी.

हा मासा कुठला?

एंजल माशाचं शास्त्रीय नाव टेरोफायलम स्केलारे. ग्रीक भाषेतल्या 'पंख' आणि 'पान' या शब्दांवरून टेरोफायलम हे नाव आलं. मासा पाहिला की ते पटतं. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. संथ पाण्यात, बुडालेल्या फांद्या आणि वनस्पतींच्या दाटीत तो राहतो. चपट्या अंगामुळे त्याला देठांमधून सहज सरकता येतं. अंगावरचे काळे उभे पट्टे सावल्यांमध्ये मिसळून जातात. मुलांना 'अनुकूलन' शिकवायला याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.

हा मासा सिक्लिड कुळातला आहे. अंडी-पिल्लांची राखण करणं हे या कुळाचं वैशिष्ट्य. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात खाडीत मिळणारा काळुंदर याच कुळातला. तोही नर-मादी मिळून पिल्लं सांभाळतो. तलावात मिळणारा तिलापियासुद्धा याच घरातला. त्यात मोझांबिक तिलापियाची मादी तर अंडी तोंडातच ठेवून उबवते. एकच कुळ आणि संगोपनाच्या वेगवेगळ्या तऱ्हा!

टाकी आणि पाणी

एंजलला उंची लागते. जोडीसाठी ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच टाकी चांगली. पाचवी-सहावीच्या मुलांना घनफळ काढायला सांगा : ६० × ४० × ४५ = १,०८,००० घन सेंमी, म्हणजे १०८ लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काच आणि वाळू धरली तर वजन सव्वाशे किलोच्या पुढे जातं. म्हणजे टाकी डगमगत्या टेबलावर किंवा वर्गातल्या बाकावर का ठेवायची नाही, हे गणितानेच कळतं.

नवीन टाकीत त्याच दिवशी मासे सोडू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइटमध्ये आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूत वाढतात. त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हे काम लवकर होतं.

पाण्याचं तापमान २७-२८ अंश सेल्सिअस ठेवा. थंडीच्या दिवसांत हीटर लागेलच. पाणी मऊ आणि सामू, म्हणजे पीएच, ६.५ ते ७ च्या आसपास असेल तर अंड्यांना चांगलं. बोअरवेलचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. मोठे मासे ते सहन करतात, पण अंडी कमी फुटतात. अशा वेळी आरओचं किंवा स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणी थोडं मिसळता येतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून, शक्य तर हवा सोडून मगच वापरा. पाण्यात कोणताही बदल हळूहळूच करा.

जोडी आपण लावायची नाही

दुकानात "एक नर आणि एक मादी द्या" असं सांगून एंजल आणता येत नाहीत. नर-मादी बाहेरून ओळखणं फार कठीण असतं. खात्रीची खूण अंडी घालण्याच्या वेळीच दिसते. पोटाखाली एक छोटी नळी बाहेर येते. नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट.

म्हणून सोपा मार्ग म्हणजे लहान असतानाच सहा मासे आणायचे आणि वाढू द्यायचे. आठ-दहा महिन्यांत ते वयात येतात. मग एक दिवस दिसतं की दोन मासे टाकीचा एक कोपरा धरून बसलेत आणि बाकीच्यांना हुसकून लावतायत. हीच जोडी. आता ती वेगळ्या टाकीत ठेवा, किंवा बाकीचे मासे हलवा.

एक गंमत आधीच सांगून ठेवते. कधी कधी दोन माद्याच जोडी करतात, दोघी अंडी घालतात आणि राखणही करतात. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळी अंडी पांढरी पडतात. मुलांना वाटतं आपलं काही चुकलं. अशा वेळी फलन झालं नाही तर अंड्याचं पुढे काही होत नाही, हे समजावून सांगायची आयती संधी मिळते.

पाटीवरची अंडी

एंजल सपाट, उभ्या पृष्ठभागावर अंडी घालतात. निसर्गात रुंद पान किंवा बुडालेली फांदी. आपल्या टाकीत काय ठेवायचं? आपली जुनी दगडी पाटी! लाकडी चौकट काढा, पाटी गरम पाण्याने स्वच्छ घासा. साबण अजिबात नको. मग ती टाकीच्या काचेला थोडी तिरकी टेकवा. ज्या पाटीवर आपण अक्षरं गिरवली, तिच्यावर मादी अंड्यांच्या ओळी लिहिते असं मी मुलांना सांगते. पाटी नसेल तर पीव्हीसी पाइपचा उभा तुकडाही चालतो.

अंडी घालण्याआधी एक-दोन दिवस दोघंही ती जागा तोंडाने टोचून टोचून साफ करतात. मग मादी पाटीला पोट घासत वर सरकते आणि अंड्यांची एक ओळ चिकटवते. तिच्या मागोमाग नर त्याच ओळीवरून जाऊन फलन करतो. असं तास-दीड तास चालतं. पहिल्या वेळी अंडी कमी असतात. मोठी जोडी तीनशे-चारशेही घालते. अंडं साधारण एक मिलिमीटरचं, मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं.

मग दोघं आळीपाळीने अंड्यांसमोर थांबून परांनी वारा घालतात. त्यामुळे अंड्यांवरून ताजं, ऑक्सिजन असलेलं पाणी वाहत राहतं. पांढरं पडलेलं अंडं ते उचलून खातात, नाहीतर त्याची बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते.

"आई-बाबांनीच अंडी खाल्ली?"

हा प्रश्न तुम्हाला येणारच. संध्याकाळी पाटी भरलेली आणि सकाळी कोरी. मुलं रडतातसुद्धा. नवीन जोडी पहिल्या दोन-तीन खेपा बहुधा खाऊनच टाकते.

मुलांना "तो मासा वाईट आहे" असं सांगू नका. "काही नाही गं, पळून गेली" असंही सांगू नका. मी साध्या शब्दांत सांगते : अंडी तयार करायला मादीची खूप ताकद खर्च होते. आसपास धोका आहे, ही पिल्लं जगणार नाहीत असं दिसलं, तर मासे अंडी खाऊन ती ताकद परत मिळवतात आणि दोनेक आठवड्यांत पुन्हा घालतात. आपल्याला जो धोका वाटत नाही तो त्यांना वाटतो. काचेवर मारलेली टिचकी, अचानक लावलेला दिवा, मोबाइलचा फ्लॅश, टाकीतले दुसरे मासे. म्हणून अंडी असताना आमच्या घरी दोन नियम असतात. टाकीपासून तीन फूट लांब बसायचं, आणि रात्री खोलीत एक मंद दिवा चालू ठेवायचा. अंधारात आई-बापांना ना अंडी दिसतात ना शत्रू.

याला जोडून मोठ्या मुलांना एक प्रश्न द्या : एक जोडी आयुष्यभरात हजारो अंडी घालते. ती सगळी जगली तर नदीचं काय होईल? माशांची संख्या स्थिर राहायची तर एका जोडीमागे सरासरी किती पिल्लं मोठी व्हायला हवीत? उत्तर 'दोन' असं येतं तेव्हा वर्ग गप्प होतो.

अंडी वेगळी काढायची का?

दोन मार्ग आहेत. जोडी शांत असेल तर अंडी तिच्याजवळच ठेवा. पाहण्यासारखं खूप मिळतं. आई-बाप पिल्लांना तोंडात उचलून एका जागेवरून दुसरीकडे ठेवतात, भरकटलेलं पिल्लू परत आणतात. पण पिल्लं जास्त जगवायची असतील तर पाटी उचलून २०-२५ लिटरच्या छोट्या टाकीत ठेवा. पाणी त्याच मोठ्या टाकीतलं घ्या. तापमान तेच ठेवा. पाटीच्या शेजारी एअर पंपाचा दगड असा ठेवा की बुडबुडे थेट अंड्यांवर न आपटता जवळून वर जातील. आई-बापांच्या परांचं काम आता या दगडाकडे. बुरशीसाठी मिथिलीन ब्लूचे थेंब, पाणी फिकट निळं दिसेल इतकेच. पांढरी अंडी रोज ड्रॉपरने काढून टाका.

दिवसांचा हिशेब

२७-२८ अंश तापमानाला साधारण असं घडतं :

पहिला दिवस : अंडी. आर्टेमियाची अंडी आणि मीठ घरात आहे ना, हे आजच पाहा.

तिसरा दिवस : अंडी फुटतात. पिल्लं डोक्यावरच्या चिकट धाग्याने पाटीला लटकून शेपटी हलवत राहतात. पोटाशी पिवळा बलक असतो. तोच त्यांचा डबा. बाहेरून काहीही घालू नका. त्यांना अजून खाता येत नाही.

पाचवा दिवस : बलक लहान होतो. भिंगातून डोळे स्पष्ट दिसतात.

सहावा दिवस : आर्टेमिया भिजत घाला.

सातवा-आठवा दिवस : पिल्लं पाटी सोडून पोहू लागतात. डबा संपला. आता पहिला घास हवा. नाही मिळाला तर दोन-तीन दिवसांत ती मरतात.

पहिला घास : आर्टेमिया

आर्टेमिया म्हणजे खाऱ्या सरोवरांत राहणारा कोळंबीच्या लांबच्या नात्यातला बारीक जीव. त्याची अंडी कोरडी, तपकिरी पुडीसारखी मिळतात आणि नीट बंद करून थंड जागी ठेवली तर बराच काळ टिकतात. एंजलच्या पिल्लांना हलणारं भक्ष्य लागतं. पावडर हलत नाही, म्हणून आमची पिल्लं तिच्याकडे फिरकली नाहीत.

कृती अशी. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीचा तळ कापा, झाकण घट्ट लावून बाटली उलटी उभी करा. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ विरघळवा. पाव ते अर्धा चहाचा चमचा अंडी टाका. एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडून जोरात हवा द्या, म्हणजे अंडी खाली बसणार नाहीत. पाणी २६-२८ अंश आणि वर दिवा. साधारण २४ तासांत नारिंगी ठिपके नाचताना दिसतील.

मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, जिवंत पिल्लं खाली जमतात. खालच्या बाजूला टॉर्च धरली तर ती उजेडाकडे गोळा होतात. बारीक नळीने ती ओढून दाट कापडावर गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि ड्रॉपरने माशांच्या पिल्लांना द्या. टरफलं जाऊ देऊ नका, ती पोटात अडकतात.

दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं द्या. पोट भरलं की नाही हे भिंगातून दिसतं. भरलेलं पोट गुलाबी-नारिंगी आणि गोल असतं. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, त्यामुळे एकदम जास्त टाकून उपयोग नाही. रोज ताजी खेप हवी म्हणून दोन बाटल्या आलटून पालटून चालवा. उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून पिळून देण्याचा जुना उपाय आहे, पण त्याने पाणी फार लवकर नासतं. मी तो फक्त अडचणीत वापरते.

पुढचे आठवडे

या छोट्या टाकीत फक्त स्पंज फिल्टर वापरा. साध्या पंपाचा फिल्टर पिल्लं आत ओढून घेतो. रोज दहा ते वीस टक्के पाणी बदला. बारीक नळीने तळाचा गाळ ओढा आणि ते पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. चुकून ओढलेली पिल्लं तिथे दिसतात, ती परत सोडता येतात. वीज जाते त्या भागात बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ ठेवा.

तीन-चार आठवड्यांत पर लांब होतात आणि पिल्लू एंजल दिसू लागतं. तोपर्यंत बारीक कोरडं खाद्यही हळूहळू सुरू करता येतं. आता जागा वाढवा. दाटीत पिल्लं खुंटतात आणि त्यांचे पर वाकडे-तोकडे राहतात.

सुट्टीचं काय?

शिक्षकांसाठी हे महत्त्वाचं. मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतो, पिल्लू नाही. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर असेल तर शाळेतल्या टाकीतली पाटी वेगळी काढू नका. अंडी जोडीजवळच राहू द्या, जे होईल ते होऊ द्या. सांभाळता येणार नाहीत इतके जीव जन्माला घालायचे नाहीत, हेही मुलांनी शिकावं.

एवढी पिल्लं ठेवायची कुठे?

हा प्रश्न अंडी वेगळी काढण्याआधीच विचारा. ओळखीच्या दुकानदाराशी बोलून ठेवा, दुसऱ्या शाळा आणि पालक पाहून ठेवा. पण एक गोष्ट कधीही करू नका : जास्तीचे मासे नदीत, विहिरीत, तलावात सोडू नका. "सोडून दिलं, सुटला बिचारा" हे पुण्य नाही. तिलापिया आपल्या देशात १९५२ साली बाहेरून आणला गेला आणि आज कितीतरी तलावांत पसरला आहे. टाक्यांमधला सकर मासा उजनीसारख्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. बाहेरचा मासा स्थानिक माशांचं अन्न, जागा आणि अंडी खातो.

मुलांच्या वहीत काय असावं?

रोजची तारीख, पाण्याचं तापमान, अंड्यांची अंदाजे संख्या, पांढरी पडलेली अंडी, पहिल्यांदा पोहण्याचा दिवस, आणि उरलेली पिल्लं. अंडी मोजायला पाटीचा फोटो लांबून, फ्लॅशशिवाय काढा, त्यावर चौकटी आखा, एका चौकटीतली अंडी मोजून गुणाकार करा. आठवड्याच्या शेवटी टक्केवारी आणि आलेख. नववी-दहावीच्या आनुवंशिकतेच्या पाठाला तर हे फारच जवळचं. चंदेरी आई-बापांच्या पोटी काही पिल्लं सोनेरी निघाली, तर दोघांकडेही लपलेला अप्रभावी जनुक होता हे मुलं स्वतःच ओळखतात.

आणि मेलेली पिल्लंही वहीत लिहायची. खोडरबर वापरायचा नाही. आमच्या पहिल्या वहीत अकराव्या दिवसापुढे '०' आहे, आणि त्याच्या शेजारी मुलाच्या अक्षरात लिहिलंय, 'कारण : खाऊ तयार नव्हता.' दुसऱ्या वेळी अंडी दिसली त्या संध्याकाळी मी काही सांगायच्या आत त्यानेच मिठाचा डबा आणि रिकामी बाटली काढून ओट्यावर ठेवली. त्या खेपेची साठ-सत्तर पिल्लं मोठी झाली.

तुम्हीही करून पाहा. घाई करू नका, आधी टाकी जमू द्या, मासे मोठे होऊ द्या. आणि जोडी पाटी साफ करताना दिसली, की आधी आर्टेमियाची पुडी शोधा. तुमच्या मुलांच्या वहीत काय काय नोंदलं गेलं, ते जरूर कळवा.